एकच गाडी, पाच गावं, पाच भाव: ठाणे–नवी मुंबईत जुनी कार घेण्याआधी

२०२५ च्या सप्टेंबरात खारघरच्या माझ्या भाच्याने मला दोन जाहिराती पाठवल्या. दोन्ही वॅगन आर, दोन्ही २०१९ च्या, दोन्ही पेट्रोल, रंगसुद्धा एकच. एक वाशीत उभी, दुसरी नाशकात. भावात इतका फरक की त्याने लगेच फोन केला, "मावशी, नाशिकवाला फसवतोय ना?"

तसं काही नव्हतं. जुन्या गाडीचा भाव नुसत्या गाडीवर ठरत नाही. ती कुठे उभी आहे, कुठलं पासिंग (म्हणजे कुठल्या आरटीओची नोंदणी) आहे, तिथे तसली गाडी मागणारी माणसं किती आहेत आणि विकणारे किती, यावर तो ठरतो. नवीन गाडीची शोरूम किंमत ठाण्यात आणि नाशकात जवळपास सारखीच असते. जुनीला मात्र गावागणिक वेगळा भाव. हे ज्याला कळतं, तो त्याच पैशांत एक वर्ष नवी गाडी घेऊ शकतो. ज्याला कळत नाही, तो स्वस्त म्हणून लांबची गाडी आणतो आणि फरकाचे पैसे टायर, विमा नि आरटीओच्या फेऱ्यांत घालवतो. त्या महिन्यात आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी ऐरोलीत राहते, त्यामुळे ठाणे एका हाताला आणि नवी मुंबई दुसऱ्या हाताला, दोन्हीकडे फिरणं झालं.

आधी गाडी पक्की करा, गाव नंतर

मॉडेल, वर्ष, इंधन, गिअर आणि व्हेरिएंट या पाच गोष्टी कागदावर लिहा. एलएक्सआय (खालचा व्हेरिएंट) आणि झेडएक्सआय (वरचा) एकाच ओळीत मांडून भावाची तुलना केलीत तर सगळा हिशेब बिघडतो. एअरबॅग, अलॉय आणि मागचा वायपर यांचाच फरक काही हजारांत जातो.

इंधन ठरवताना रोजचा पल्ला बघा. भाचा खारघरहून ऐरोलीला नोकरीला येतो, पण आठवड्यातून दोनच दिवस, बाकी घरून काम. त्याला सीएनजीची गरज नव्हती. रोज घोडबंदर रोडवरून अंधेरीला जाणाऱ्या माणसाला ती असेल, आणि त्याने सीएनजीचा चढा भाव मोजायची तयारी ठेवावी. इलेक्ट्रिक जुनी घ्यायची असेल तर तो वेगळाच विषय आहे, तिथे बॅटरीची वॉरंटी किती उरली हे भावाच्याही आधी विचारायचं.

पासिंग वाचायला शिका

एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ०५ कल्याण, एमएच ४३ नवी मुंबई, एमएच ४६ पनवेल, एमएच ४८ वसई, एमएच ०६ पेण. मुंबईत ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. थोडं लांब गेलं तर १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, ०९ कोल्हापूर.

या नंबरांचा पहिला उपयोग असा, की महाराष्ट्रात गाडीचा एकरकमी कर नवीन घेतानाच भरलेला असतो. नाशिकची गाडी ऐरोलीत आणली तर तो कर पुन्हा भरावा लागत नाही आणि नंबरही तोच राहतो. म्हणून राज्यातल्या राज्यात शोधणं फायद्याचं. परराज्याचं गणित वेगळं, ते पुढे येतंच.

दुसरा उपयोग म्हणजे पासिंग आणि मालकाचा पत्ता यांची सांगड. गाडी एमएच ०९, मालक डोंबिवलीचा, आणि तो म्हणतो "पहिल्यापासून मीच चालवतोय". असं असू शकतं, गावाकडून घेतली असेल. पण विचारायचंच, कारण उत्तरातून गाडी कुठे कुठे राहिली ते कळतं. कोल्हापूर म्हटलं की २०१९ चा महापूर आठवायला हवा.

आता लिहिलेली पाच वैशिष्ट्यं घेऊन पाच गावं निवडा: ठाणे, नवी मुंबई, कल्याण–डोंबिवली, पुणे, नाशिक. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, महिंद्राचं फर्स्ट चॉइस, ह्युंदाईचं एच प्रॉमिस, टोयोटाचं यू ट्रस्ट, शिवाय स्पिनी, कार्स२४, कारवाले, कारदेखो या साइट. या सगळ्यांत गाव बदलून तीच गाडी शोधा. प्रत्येक गावातल्या किमान सात-आठ गाड्या वहीत उतरवा: वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, मागितलेली किंमत, जाहिरात किती दिवसांची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग नोंद बाजूला काढा, मधल्यांकडे बघा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्यानंतर कुणीही "बाजारात हाच भाव चालू आहे" म्हटलं की वही उघडता येते.

एक लक्षात ठेवा, हे मागितलेले भाव आहेत, सुटलेले नाहीत. दोन आठवड्यांनी त्याच जाहिराती पुन्हा बघा. ज्या गायब झाल्या त्यांचा भाव बरोबर होता. ज्या तशाच उभ्या आहेत, तिथे घासाघीस करायला जागा आहे.

भाव बदलतो तो का

ठाणे–नवी मुंबईत सर्वांत आधी मागणी लहान गाडीला. सोसायटीत पार्किंग एक, तेही दोन खांबांच्या मध्ये. त्यामुळे हॅचबॅकचा भाव इथे टिकून राहतो आणि लांबट सेडान तुलनेने स्वस्त सुटते. ज्यांना पार्किंगची अडचण नाही त्यांनी पाच-सहा वर्षांची सेडान जरूर बघावी, तिच्याकडे गिऱ्हाईक कमी वळतं.

दुसरी मागणी ऑटोमॅटिकला. घोडबंदरला गायमुख घाटाची कोंडी किंवा शिळफाट्याची संध्याकाळ ज्याने क्लच दाबत काढली आहे त्याला कारण सांगायला नको. तिसरी सीएनजीला, कारण महानगर गॅसचे पंप मुंबई, ठाणे, नवी मुंबई नि रायगडात आहेत. जिथे पंप लांब आहेत तिथे त्याच सीएनजी गाडीला तितकं कुणी विचारत नाही.

गावाकडे चित्र उलटं. तिथे बोलेरोसारखी उंच, दणकट, डिझेलची गाडी वर्षानुवर्षं भाव धरून असते. ठाण्यात एखाद्याने हौसेने घेतलेली डिझेल एसयूव्ही मात्र शहरात फिरून कंटाळा आला की बाजारात येते. एसयूव्ही हवी असेल तर शहरात शोधा, शहरी ऑटोमॅटिक हवी असेल तर पुण्या-नाशकात शोधा, हा ढोबळ नियम आम्हाला बहुतेकदा लागू पडला.

मग शहरातल्या गाडीची तब्येत. आपल्याकडे बरीच माणसं रोज लोकलने जातात आणि गाडी शनिवार-रविवार काढतात. सहा वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर खरे असू शकतात. अशा गाडीचं इंजिन चांगलं असतं, पण टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात आणि बॅटरी दमते. उलट रोज कोंडीत चाललेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसले तरी क्लच प्लेट संपत आलेली असते. नाशिक-पुण्याच्या गाडीचे किलोमीटर जास्त पण हमरस्त्यावरचे, ते इंजिनाला सोपे जातात. नुसता मीटरचा आकडा म्हणूनच फसवा.

खाडीची हवा हाही भाव ठरवणारा घटक आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. खारी दमट हवा गाडीच्या पोटाला गंज आणते. उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि तळघरातल्या पार्किंगमधली गाडी यांत सहा वर्षांत दिसण्याइतका फरक पडतो. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांचंही तेच. नाशिकची कोरडी हवा याबाबतीत बरी.

शेवटी वेळ. पितृपक्षात आपल्याकडे लोक गाडी घेत नाहीत, डीलरचा कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, म्हणून तेव्हा घासाघीस जमते. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला लोक नवीन गाडी घेताना जुनी बदल्यात देतात, म्हणून त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत डीलरकडे माल भरतो. डिसेंबरात घेतलेली गाडी कागदावर लगेच पुढच्या वर्षी "एक वर्ष जुनी" होते, त्यामुळे वर्षअखेरीस विकणाऱ्याला घाई असते. आमच्या वेळी तर दोन गोष्टी एकत्र आल्या. ३ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं आणि ते लागू झालं २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. मधले बहुतेक दिवस पितृपक्षाचे. नवीन वॅगन आरच स्वस्त होणार म्हटल्यावर जुनीचा भाव तोच ठेवणं डीलरला जमेना. ज्यांनी भाव उतरवले नव्हते त्यांना आम्ही नवीन गाडीची किंमत दाखवली, एवढंच. तुम्ही घ्याल तेव्हाही आधी नवीन गाडीची आजची ऑन-रोड (कर, विमा धरून) किंमत काढा. जुनीचा भाव तिच्याशी ताडून बघायचा, मालकाने तेव्हा किती मोजले त्याच्याशी नाही.

डीलर कुठे, कसले

ठाण्यात घोडबंदर रोड, माजिवडा, वागळे इस्टेट. नवी मुंबईत तुर्भे, सानपाडा, नेरुळ आणि ठाणे-बेलापूर रस्त्याची कड. पुढे कल्याण-शीळ रस्ता. या पट्ट्यात एका दिवसात बरंच बघून होतं. पण दुकान किती जवळ आहे यापेक्षा ते कसलं आहे हे महत्त्वाचं.

कंपनीच्या शोरूमची जुन्या गाड्यांची शाखा महाग असते. तिथे तपासणी, थोडी वॉरंटी आणि सर्व्हिसचा इतिहास मिळतो. ऑनलाइन कंपन्यांचं साधारण तसंच: भाव ठरलेला, घासाघीस जवळजवळ नाही, परत करायची मुदत मात्र मिळते. अटी वाचून घ्या. यार्डवाले व्यापारी मधल्या भावात देतात, तिथे माल जास्त आणि बोलणं जास्त. आणि खासगी मालक, म्हणजे सोसायटीच्या गेटवर चिकटवलेला कागद. भाव सर्वांत कमी तिथे, आणि जबाबदारी सर्वस्वी आपली.

कल्याण-डोंबिवलीत आणि पनवेल-कामोठ्यात खासगी मालकांच्या गाड्या आम्हाला जास्त दिसल्या. ठाणे शहर आणि वाशी-नेरुळमध्ये डीलरचंच प्रमाण जास्त. एकाच मॉडेलच्या दहा गाड्या जिथे शेजारी शेजारी असतील तिथे भाव खाली येतो. जिथे एकच असेल तिथे डीलर अडून बसतो. म्हणून तुम्हाला हवी ती गाडी ज्या भागात मुबलक आहे तिथेच घासाघीस करा आणि तो भाव घेऊन घराजवळच्या डीलरकडे जा.

डीलरला दोन गोष्टी विचारायच्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं असा केंद्राचा नियम आहे, आणि मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने द्यायची असते. तेव्हा प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको. दुसरं, जीएसटी. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के कर द्यावा लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. नफा ५०,००० असेल तर कर ९,०००. कुणी साडेचार लाखांवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर तिथून उठायचं. खासगी मालकाकडून खासगी माणसाने घेतली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

घरपोच किंमत काढा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा.

समजा, वाशीच्या डीलरकडे गाडी ४,५०,००० ला आहे आणि नाशिकच्या मालकाकडे ४,१०,००० ला. फरक ४०,०००. आता नाशिकच्या बाजूला लिहा: दोघांच्या दोन खेपा, जेवणखाण, टोल धरून ५,०००. मेकॅनिकला सोबत न्यायचा तर त्याचा दिवस बुडतो, ३,०००. टायर जुने आहेत, चार नवीन १६,०००. वाशीच्या गाडीचे नवे आहेत, म्हणून हा खर्च एकाच बाजूला. विमा पुढच्या महिन्यात संपतोय, ९,०००. नावावर करायची सरकारी फी लहान असते, हलक्या खासगी वाहनाला ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० असा तिचा आवाका, पण दोन गावांच्या कागदांसाठी एजंट लावला तर ४,००० धरा. बेरीज ३७,०००. उरले ३,०००, आणि वाशीच्या डीलरची सहा महिन्यांची वॉरंटी गेली ती वेगळीच.

हे कागदावर मांडलं तेव्हा भाचा गप्प झाला. मग त्यानेच कल्याण–डोंबिवलीच्या गाड्यांची पानं पुन्हा उघडली. रिक्षाने जाऊन बघता येतील अशा अंतरावरच्या.

लांबची गाडी कधीच घेऊ नये असं नाही. फरक किमतीच्या पंधरा टक्क्यांच्या वर गेला, किंवा इथे न मिळणारा व्हेरिएंट तिथे असला, तर जरूर जा. मी स्वतः याच हिशेबाने पुण्याची गाडी घेतलेली आहे आणि तिचा पश्चात्ताप झालेला नाही.

परराज्यातली गाडी

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, हे सगळे विचारतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असा अंतरिम आदेश दिला, पण इतकी वर्षं डोक्यावर टांगलेल्या तलवारीमुळे तिथले मालक आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी मिळेल त्या भावात काढत आले. गाडी वाईट म्हणून नव्हे, तिथे तिचं आयुष्य संपलं म्हणून ती स्वस्त.

पण ती ठाण्यात आणायची म्हणजे मूळ आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथे नव्याने नोंदणी, नवा एमएच नंबर आणि महाराष्ट्राचा कर. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला नवीन घेताना १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो घटतो, तरी मोठ्या डिझेल गाडीवर रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होते. मूळ राज्यातून उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण तो अर्ज पहिल्या मालकाच्या सहकार्याशिवाय पुढे सरकत नाही. पुदुच्चेरी किंवा दमण पासिंगच्या भारी गाड्यांची गोष्टही करापाशीच येऊन थांबते. "नंबर तसाच ठेवून चालवा, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतील. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची पुनर्नोंदणी मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि चौकात कागद दाखवायची वेळ तुमच्यावर येते, सांगणाऱ्यावर नाही.

माझ्या दिरांनी काही वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातून अशी गाडी आणली. व्यापाऱ्याने सगळे पैसे घेतले आणि "बँकेचा बोजा उतरवलाय, पत्र आठवड्यात येईल" म्हणाला. पत्र यायला सात महिने लागले. तोवर ना-हरकत नाही, नोंदणी नाही, विम्यात नाव नाही. गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी, आणि दर रविवारी दीर तिची बॅटरी चालू ठेवायला खाली उतरायचे. त्या सात महिन्यांनी मला शिकवलं की बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरल्याचं आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दिसल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मग समोरचा कितीही गोड बोलो.

बघायला जाल तेव्हा

सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे बोलतं ते तापल्यावर बोलत नाही. बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर थांबा, चहा घ्या, तासाभराने परत या.

आमच्या ओळखीचे कळव्याचे मिस्त्री सोबत होते. भाच्याने पुन्हा उघडलेल्या पानांतून डोंबिवलीची एक गाडी निवडली होती, तिच्यापाशी पोचल्यावर त्यांनी इंजिन पाहिलंच नाही. मागचं दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, पार शेवटचा वेढा सुटेपर्यंत. "ताई, बेल्टाचा हा भाग कुणी धूत नाही." पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचा बेल्ट तिथे मातकट निघतो, एका रेषेपासून खाली रंग बदललेला. हा पांढऱ्या कडेचा, स्वच्छ, करकरीत निघाला. मग त्यांनी डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात बोट फिरवलं, पुढच्या सीटचे रूळ बघितले, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून तारांचे जोड बघितले. कोपऱ्यात वाळलेला गाळ आणि जोडांवर हिरवट गंज या दोन खुणा. एक सापडली तरी गाडी सोडायची.

ही तपासणी आपल्या भागात जास्तच गरजेची. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने बदलापूर-वांगणी बुडवलं, त्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर-धाराशिव. पुरात सापडलेली गाडी दुरुस्त होऊन त्याच गावात विकली जाईल असं नाही, तिथे सगळ्यांना माहीत असतं. ती लांब जाते, जिथे मागणी आहे आणि ओळख नाही.

बाकीचं भराभर. टायरच्या बाजूवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सगळ्या काचांवरच्या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर गाडी ठोकलेली असायची शक्यता आहे. सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद आणि टाकीची तीन वर्षांनी करायची हायड्रो चाचणी, दोन्ही बघा. मीटर मागे केलाय का हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींवरून कळतं. गाडीचा नंबर देऊन मालकालाच तो इतिहास काढायला सांगा. पूर्वी टॅक्सी म्हणून धावलेली गाडी पांढऱ्या पाटीवर आणलेली असू शकते, तेही आरसीच्या नोंदींत शोधा. आणि चालवून बघायची ती गल्लीत नको. मुंब्रा बायपासचा चढ, नाहीतर पारसिक हिलचा, तिसऱ्या गिअरमध्ये. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडेल आणि गाडी तितकी पळणार नाही.

कागद, आणि पैसे कधी

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी, विमा, पीयूसी आणि बोजा बघा. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकीत दंड बघा. मालकाला तो भरायला लावा आणि पावती मागा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का ते तपासा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ असेल तर नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर भावातून वजा करून बोला. बीएच मालिकेची (राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांसाठीच्या नंबरची) गाडी असेल आणि तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल, तर राज्याच्या नंबरवर आणण्याचा कर आधी विचारून घ्या.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्रासह फॉर्म ३५. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं. ही घाई दोघांच्याही हिताची. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तो गाडीला चिकटत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढेल तो धरून चाला. जुन्या मालकाला फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर वाशीहून पुण्याला तुम्ही जाल आणि पैसे त्याच्या खात्यातून जातील.

पैसे तीन भागांत द्या, सगळे बँकेतून. टोकन लहान, आणि कागद खोटे निघाल्यास परत मिळेल असं लिहून घेतलेलं. मोठी रक्कम गाडी ताब्यात घेताना, दोघांच्या सह्या झालेल्या फॉर्मांवर. तिसरा भाग राखून ठेवा, दहा हजार असो की पंधरा, आपल्या नावाची आरसी पोस्टाने येईपर्यंत.

भाच्याने शेवटी ती डोंबिवलीचीच गाडी घेतली, एमएच ०५, पहिला मालक, निवृत्त गृहस्थ, गाडी जिन्याखालच्या पार्किंगमध्ये ठेवलेली. राखलेल्या दहा हजारांचं ऐकून ते जरा दुखावले. "एवढा विश्वास नाही का?" मी म्हटलं, "काका, तुमच्यावर आहे. पोस्टाच्या पाकिटात काय येतं ते बघायचं आहे." पाकीट आल्यावर भाच्याने नाव, चॅसी नंबर, इंजिन नंबर एकेक करून जुन्या आरसीशी ताडून पाहिले, बोजाच्या जागी काही नाही हे दोनदा बघितलं, आणि तिथल्या तिथे काकांना पैसे पाठवले.